गोठलेल्या जमिनीतील पुरास्थळे शिकवणारा पुण्यातील वर्ग: एक सविस्तर परीक्षण

कर्वे रस्त्याच्या परिसरातील एका छोट्या अभ्यासगटाने शनिवार-रविवारच्या संध्याकाळी चालवलेला थंड उत्तरेतील पुरास्थळांच्या भूशास्त्राचा वर्ग नुकताच पूर्ण झाला. पुण्यात किल्ले, लेणी, मूर्तिशास्त्र, मोडी लिपी यांचे वर्ग वर्षभर चालू असतात आणि त्यांना चांगली उपस्थितीही असते. मात्र सैबेरिया, अलास्का, ग्रीनलंड अशा गोठलेल्या मुलखात माती, वाळू, गाळ आणि बर्फ यांच्या आधारे माणसाच्या प्राचीन वस्तीचा माग कसा काढतात, हे मराठीतून आणि पायरीपायरीने शिकवणारा वर्ग यापूर्वी माझ्या पाहण्यात आला नव्हता. पुढची तुकडी लवकरच सुरू होणार आहे आणि शुल्क अशा इतर वर्गांच्या मानाने बरेच जास्त आहे. म्हणून प्रवेश घेण्याच्या विचारात असलेल्यांना उपयोगी पडावे या हेतूने हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. विषयाची मांडणी आणि शिकवण्याची पद्धत या दोन्ही बाबतींत वर्ग उत्तम आहे, कालनिश्चितीचा भाग कच्चा आहे, आणि सूक्ष्मदर्शकाच्या सत्राची व्यवस्था सुधारल्याखेरीज एवढे शुल्क आकारणे मला योग्य वाटत नाही.

थंड प्रदेशातील पुरातत्त्व म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बर्फात जशाच्या तशा टिकलेल्या वस्तू येतात: केसाळ मॅमथ, कातडी कपडे, लाकडी मुखवटे. वर्गाची जाहिरातही अशाच छायाचित्रांनी सजवलेली होती. प्रत्यक्षात सुरुवातीच्या सत्रांत एकही वस्तू दाखवली गेली नाही आणि हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटला. शिकवणाऱ्या बाईंचा आग्रह असा की, ज्या जमिनीत वस्तू सापडली ती जमीन मधल्या काळात स्थिर होती की हलत होती हे ठरल्याशिवाय त्या वस्तूबद्दल काहीच बोलू नये. उत्खननात वरचा थर नवा आणि खालचा जुना हे आपण धरूनच चालतो. जी जमीन दर वर्षी गोठते आणि वितळते, तिथे ही गोष्ट प्रत्येक खड्ड्यात नव्याने सिद्ध करावी लागते. संपूर्ण वर्ग या एकाच मुद्द्यावर उभा आहे आणि शेवटच्या सत्रापर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

आरंभ अर्थातच कायम गोठलेल्या जमिनीपासून, म्हणजे पर्माफ्रॉस्टपासून झाला. सलग किमान दोन वर्षे ज्या जमिनीचे तापमान शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली राहते तिला हे नाव आहे. तिच्यात बर्फ असलाच पाहिजे असे नाही, हे पुष्कळांना नवीन होते. तिच्या माथ्यावरचा पट्टा उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात आणि पुरातत्त्वाच्या दृष्टीने सगळी उलथापालथ याच थरात होते. खालची गोठलेली जमीन पाणी मुरू देत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात वितळलेली माती पाण्याने गच्च भरते आणि दोन-तीन अंशांच्या किरकोळ उतारावरूनही संथपणे खाली सरकू लागते. तिच्याबरोबर हत्यारे, हाडे, चुलीतला कोळसा असे सारेच सरकते. अशा थरात लांबट दगडांची आणि हाडांची टोके बहुधा उताराच्या दिशेने वळलेली आढळतात. म्हणूनच उत्खननात प्रत्येक लांबट वस्तूची दिशा आणि कल मोजून ठेवतात. ती नोंद नसेल, तर ‘ही माणसांची मूळ बैठक आहे’ या विधानाला फारसा आधार उरत नाही.

याच भागात बाईंनी केलेले प्रात्यक्षिक संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाची गोष्ट होती. दोन पारदर्शक नळकांड्यांपैकी एकीत भरड वाळू आणि दुसरीत नदीकाठचा बारीक पोयटा भरून, बाजूंना थर्माकोल गुंडाळून, तळाशी पाण्याची थाळी ठेवून त्यांनी ती वरून हळूहळू गोठवून आणली होती. वाळूचा गोठलेला दंडगोल उभा कापला तेव्हा तो सगळीकडे सारखाच दिसला. पोयट्याच्या दंडगोलात मात्र आडव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाच्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या होत्या. वरच्या भागात त्या केसाइतक्या बारीक आणि जवळजवळ होत्या, तर खाली जाडी वाढत जाऊन दोन रेघांमधले अंतरही वाढले होते. मातीचा माथा नळीवरच्या खुणेच्या चांगलाच वर आला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी लगेच शंका काढली, “मॅडम, पाणी गोठून नऊ टक्के फुगते एवढे आम्ही शिकलो आहोत. तेवढ्याने माती इतकी वर कशी येईल?” त्यावर बाई म्हणाल्या, “नाहीच येणार, काका. थाळीत बघा, पाणी किती कमी झाले आहे ते. गोठणाऱ्या भागाने ते खालून वर ओढून घेतले.” वाळूची छिद्रे मोठी असल्यामुळे ती पाणी अशा रीतीने ओढू शकत नाही, चिकणमाती ओढते, पण तिच्यातून पाण्याला वाट मिळायला फार वेळ लागतो, पोयट्यात दोन्ही गोष्टी जुळून येतात. त्यामुळे उत्तरेतील पोयट्याची जमीन हिवाळ्यात सर्वाधिक उचलली जाते. दुर्दैव असे की, वाऱ्याने वाहून आणलेल्या पोयट्याची, म्हणजे लोएसची, जाड आवरणेच तिथली कितीतरी महत्त्वाची पुरास्थळे पोटात धरून आहेत.

यापुढचे पाऊल म्हणजे दगड वर कसे येतात. जमीन वरून गोठत खाली जाते, तेव्हा आधी दगडाचा वरचा भाग गोठलेल्या मातीच्या पकडीत सापडतो आणि माती उचलली जाताना तोही उचलला जातो. त्याच्या तळाशी पोकळी होते, वितळताना तिच्यात बारीक माती ढासळते आणि दगडाला पुन्हा मूळ जागी बसता येत नाही. असे शेकडो हिवाळे गेले, की दगडी हत्यारे त्यांच्या मूळ पातळीपासून वर सरकतात आणि कित्येकदा उभी राहतात. छेदाच्या, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या कापलेल्या, भिंतीत दगडी पाते उभे दिसले तर ते कोणी खोचून ठेवले असेल असे समजण्याआधी गोठण्याचा विचार करावा, हा नियम मी वहीत अधोरेखित करून ठेवला आहे.

इथे बाईंनी आपल्या काळ्या मातीचा दाखला दिला आणि विषय एकदम जवळचा झाला. दख्खनच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, वरची माती आणि तिच्याबरोबर खापऱ्या, गारगोट्यांचे तुकडे त्या भेगांत पडतात, आणि पावसाळ्यात माती फुगली की आतले पदार्थ पुन्हा ढकलले जातात. कारण वेगळे, तरी थरांची सरमिसळ सारखीच. पुण्यात भूपुरातत्त्वाची परंपरा जुनी आहे. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाचे उत्खनन केले आणि पुढे डॉ. एस. एन. राजगुरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी डेक्कन कॉलेजातून महाराष्ट्रातील नद्यांच्या गाळाचे थर बारकाईने वाचून दाखवले. त्या परंपरेचा उल्लेख वर्गात झाला, पण धावता झाला. उत्तरेतल्या जमिनीची तुलना आपल्या नद्यांच्या काठांशी करण्यासाठी एखादे पूर्ण सत्र ठेवले असते तर ते पुण्यात बसून शिकणाऱ्यांच्या फार उपयोगी पडले असते.

बर्फाच्या पाचरींचे सत्र मला सर्वांत आवडले. कडाक्याच्या थंडीत गोठलेली जमीन आकुंचन पावून तडकते. वसंतात वितळलेले पाणी त्या तड्यात शिरून गोठते. पुढच्या हिवाळ्यात तडा बहुधा त्याच जागी पुन्हा पडतो. अशी वर्षानुवर्षे भर पडून बर्फाची पाचर तयार होते. सैबेरियाच्या काही भागांत या पाचरी कित्येक मीटर रुंद आहेत आणि वरून पाहिल्यास त्यांची जाळी जमिनीवर बहुकोनांची नक्षी काढते. पुढे हवामान उबदार होऊन पाचर वितळली की तिच्या जागी वरची माती कोसळते आणि पाचरीच्या आकाराचा मातीचा साचा उरतो. वरच्या थरातले हत्यार या साच्यात पडले, तर ते खालच्या, कितीतरी जुन्या थराच्या शेजारी जाऊन बसते. साच्याची कड ओळखता आली नाही, तर त्या हत्याराचे वय हजारो वर्षांनी चुकते. बाईंनी छेदांची मोठी छायाचित्रे भिंतीवर लावली आणि प्रत्येकाला खडूने कड आखायला लावली. आमच्यापैकी बहुतेकांच्या रेघा एकमेकांशी जुळेनात. मग त्यांनी गाळाच्या कणांचा आकार, रंगातला सूक्ष्म फरक आणि कडेजवळ खाली वाकलेले थर या तीन खुणा दाखवून पुन्हा आखायला लावल्या. शिकवणे यालाच म्हणतात.

या पायाभरणीनंतर पुरास्थळांची सत्रे सुरू झाली. पहिले अर्थातच याना. सैबेरियाच्या उत्तरेला, याना नदीच्या काठी, सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशावर असलेले हे स्थळ २००१ मध्ये उजेडात आले आणि व्लादिमिर पितुल्को यांच्या गटाने २००४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. सुमारे ३२,००० वर्षांपूर्वी माणूस इथे राहत होता. आर्क्टिक सैबेरियात तोवर माहीत असलेल्या वस्तीच्या जवळजवळ दुप्पट हे वय होते. गेंड्याच्या शिंगाचा आणि मॅमथच्या सुळ्याचा भाल्यांसाठी केलेला उपयोग, पुढे सापडलेले लहान मुलांचे दोन दुधाचे दात आणि त्यांच्यातून मिळालेला डीएनए, हे सगळे वृत्तपत्रांतूनही आले होते. वर्गाने जे दिले ते वृत्तपत्रांत आले नव्हते: वस्तीचा थर नदीच्या गाळात आणि बर्फाने भरलेल्या पोयट्यात कसा अडकला आहे, त्यातून बर्फाच्या मोठ्या पाचरी कशा गेल्या आहेत, आणि नदी काठ पोखरते म्हणून स्थळ सापडते, पण त्याच पोखरण्याने ते नष्टही होते. त्या थंडगार चिखलात, पंपाने पाणी मारून आणि उन्हाने वितळू देऊन, इंचाइंचाने उत्खनन कसे चालते, याचे वर्णन त्यांनी अतिशय तपशिलाने केले.

यानंतर दिरिंग युर्याख. लेना नदीच्या काठच्या या स्थळावर युरी मोचानोव यांनी १९८० च्या दशकात काम केले आणि तिथली गारगोटीची हत्यारे वीस लाख वर्षांच्या आसपास जुनी असल्याचे मांडले. ती हत्यारे वाऱ्याने झोडपलेल्या जुन्या पृष्ठभागावर पडलेली होती आणि वर वाऱ्याने आणलेली वाळू साचली होती. १९९७ मध्ये मायकेल वॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूच्या कणांची ऊष्मादीप्ती पद्धतीने (कण तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून ते कधी गाडले गेले हे ठरवण्याची पद्धत) तपासणी करून हत्यारे २,६०,००० वर्षांहून जुनी असावीत असा निष्कर्ष काढला. मूळ दाव्यापेक्षा हे वय पुष्कळ कमी आहे, पण एवढ्या थंड प्रदेशासाठी तेही चकित करणारे आहे, आणि म्हणूनच हे दगड माणसाने घडवले की नाही यावर अजून एकमत झालेले नाही. हत्याराला थेट तारीख देता येत नाही, त्यावर साचलेल्या वाळूला देता येते आणि हत्यार तिच्याआधीचे असते. हा युक्तिवाद या एका उदाहरणातून जितका स्पष्ट झाला तितका कोणत्याही पाठ्यपुस्तकातून झाला नसता.

अलास्कातील ओनियन पोर्टेज हे नेमके उलट टोक. कोबुक नदी ओलांडण्यासाठी रेनडियरचे कळप जिथे उतरतात, तिथे शिकारी पिढ्यान् पिढ्या येऊन बसत. नदीच्या पुराने आणि टेकडीवरून वाहून आलेल्या मातीने त्यांच्या चुली झाकल्या जात. लुई गिडिंग्ज यांना १९४१ मध्ये या जागेचा सुगावा लागला, १९६० च्या दशकात मोठे उत्खनन झाले आणि एकावर एक असे वस्तीचे तीसहून अधिक थर मिळाले. गाळ वरचेवर आणि पुरेसा साचत गेल्यामुळे गोठण्याच्या हालचालींना थर विस्कटायला सवड मिळाली नाही. गाळ साचण्याचा वेग आणि जमीन ढवळली जाण्याचा वेग यांची ही शर्यत ध्यानात आली, की उत्तरेतले एक स्थळ विश्वासार्ह का आणि दुसरे शंकास्पद का, हे बरेचसे कळते. त्याच गिडिंग्जनी अलास्काच्याच किनाऱ्यावरील केप क्रुझेनस्टर्न येथे समुद्राने एकापुढे एक टाकलेल्या ११४ वाळूच्या बांधांवरील वस्त्यांचा क्रम लावला. तिथे थर एकाखाली एक नसून एकामागे एक आहेत: समुद्राजवळचा बांध सर्वांत नवा, आतला सर्वांत जुना.

किनाऱ्याच्या उंचावण्याचे सत्र थोडक्यात आटोपले. हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यावर स्कँडिनेव्हियाची जमीन वर येऊ लागली आणि ती अजून येत आहे. स्वीडनच्या उंच किनाऱ्यावर त्या काळची समुद्रकिनाऱ्याची खूण आज २८६ मीटर उंचीवर आहे. नॉर्वेतील आल्टा येथील खडकचित्रे पाण्याच्या काठाशी कोरली गेली, म्हणून जितकी उंच तितकी जुनी असा अंदाज बांधता येतो. एवढे पुरेसे होते, त्यात अधिक वेळ घालवला नाही हे बरेच झाले.

दक्षिण सैबेरियाच्या अल्ताई पर्वतातील, घोडेस्वार भटक्या लोकांची पाझिरिक थडगी उत्तर ध्रुवाजवळची नाहीत, तरीही त्यांना पूर्ण सत्र दिले गेले, आणि ते सार्थ ठरले. १९४७ ते १९४९ या काळात सेर्गेई रुदेंको यांनी उघडलेल्या या थडग्यांतून लाकूड, नमदे, कातडे, घोडे आणि लोकरीचा प्रसिद्ध गालिचा जवळजवळ अडीच हजार वर्षांनंतर शाबूत निघाला. भोवतालची जमीन कायम गोठलेली नव्हती. थडग्याखालचीच तेवढी गोठलेली होती. थडग्यावर रचलेल्या दगडांच्या ढिगात हिवाळ्यातली जड थंड हवा फटींतून खाली उतरून साठते, उन्हाळ्यातली हलकी उबदार हवा आत शिरत नाही आणि दगड खालच्या मातीला उन्हापासून झाकतात. चोरांनी केलेल्या भोकातून पाणी आत गेले, गोठले आणि पुन्हा वितळले नाही. माणसाने रचलेल्या ढिगाने स्वतःपुरती गोठलेली जमीन निर्माण केली, आणि चोरीमुळे दागिने गेले तरी गालिचा वाचला. पुढे १९९३ मध्ये अल्ताईतल्याच उकोक पठारावर नताल्या पोलोस्माक यांनी अशाच एका थडग्यातला बर्फ गरम पाणी ओतून वितळवत स्त्रीचे शरीर बाहेर काढले. या सत्रात बाईंनी दगडांच्या ढिगाचा आडवा छेद फळ्यावर काढून हवेच्या हालचालीचे बाण ज्या सावकाशीने दाखवले, ते पाहताना वेळेचे भान राहिले नाही.

आता तक्रारींकडे वळतो. सूक्ष्मदर्शकाचे सत्र हा या वर्गाचा कळस व्हायला हवा होता. गाळाचा अखंड ठोकळा उचलून, त्यात राळ मुरवून, तो घासत घासत साधारण ३० मायक्रॉन जाडीचा केला, की त्यातून प्रकाश जातो आणि मातीची रचना न विस्कटता पाहता येते. गोठण्याच्या खुणा इथे स्वच्छ दिसतात: बर्फाच्या भिंगांनी (नळकांड्यात दिसलेल्या त्या आडव्या रेघांनी) दाबून केलेल्या पातळ पापुद्र्यांसारख्या चकत्या, आणि वाळूच्या मोठ्या कणांच्या फक्त वरच्या अंगावर बसलेली बारीक पोयट्याची टोपी. मी पाहिलेल्या अशा पातळ छेदात क्वार्ट्झचा एक कण ध्रुवित प्रकाशात पांढराशुभ्र चमकत होता आणि त्याच्या माथ्यावर तपकिरी पोयटा साचलेला होता. खालची बाजू पूर्ण स्वच्छ. वितळताना पाण्याबरोबर खाली उतरणारे सूक्ष्म कण वाटेतल्या दगडाच्या माथ्यावर अडकतात, म्हणून ही टोपी वरच असते. एखाद्या कणाची टोपी बाजूला किंवा खाली दिसली, तर तो कण नंतर फिरला आहे हे निश्चित. उत्खननात डोळ्यांना न दिसणारी हालचाल एका कणावर वाचता येते, याहून अधिक सुंदर पुरावा मी या विषयात पाहिलेला नाही. पण सबंध वर्गासाठी सूक्ष्मदर्शक एकच होता. रांगेत उभे राहून प्रत्येकाला जेमतेम एक नजर टाकता आली, छेद फिरवून पाहण्याची संधी मिळाली नाही, आणि मागच्या काहींना तर घड्याळाकडे बोट दाखवून परत पाठवले गेले. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून दृश्य पडद्यावर दाखवणे आज अजिबात अवघड नाही. एवढे शुल्क घेतल्यावर आयोजकांनी याची सोय करायलाच हवी.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कालनिश्चितीचे सत्र पाहुण्या व्याख्यात्याकडे सोपवले होते आणि त्यांनी कार्बन-१४ पद्धतीचे गणित नीट समजावले, मात्र उत्तरेत ती पद्धत जिथे जिथे अडखळते त्या जागा जवळजवळ सोडून दिल्या. गोठलेल्या जमिनीत लाकूड कुजत नाही. हजारो वर्षे जुना ओंडका नदीने उघडा पाडला तर तो जळणाला तितकाच उपयोगी पडतो आणि चुलीतल्या कोळशाचे वय चुलीपेक्षा जुने निघते. वृक्षहीन किनाऱ्यांवर तर समुद्राने वाहून आणलेल्या लाकडावरच सारी भिस्त असे. सील आणि देवमासे खाणाऱ्या माणसांच्या हाडांत समुद्रातला जुना कार्बन उतरतो आणि त्यांची तारीख शेकडो वर्षे मागे सरकते. हे मुद्दे प्रश्न विचारल्यावर दोन वाक्यांत उरकले गेले. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील ब्लूफिश गुहांचा वाद तर याच जागी मांडायला हवा होता. जॅक सँक-मार्स यांनी १९७७ ते १९८७ या काळात खोदलेल्या त्या लहान गुहांतील हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत आणि २०१७ मध्ये त्यांतील जुन्या हाडांचे वय सुमारे २४,००० वर्षे ठरवण्यात आले. हाडाची तारीख बरोबर असली तरी खूण माणसाची की जनावराच्या दातांची, आणि लोएसमध्ये हाड व हत्यार एकाच वेळी पुरले गेले का, हे प्रश्न उरतातच. पहिल्या सत्रांत जी शंकेखोर शिस्त आम्हाला लावली गेली, तिला या सत्रात सुट्टी मिळाली.

ज्वालामुखीच्या राखेबद्दलही अधिक अपेक्षा होती. इसवी सन ८५० च्या सुमारास झालेल्या उद्रेकाची व्हाइट रिव्हर राख युकॉनमध्ये पांढऱ्या पट्ट्यासारखी दूरवर पसरलेली आहे आणि तिच्या वरचे ते नंतरचे, खालचे ते आधीचे, असा सरळ निवाडा करता येतो. आपल्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथेही राखेचा थर आणि अश्युलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या जुन्या अश्मयुगीन परंपरेतील, हत्यारे आहेत. तो थर सुमाट्रातील टोबाच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाचा, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. राख आहे म्हणजे तारीख मिळालीच असे नसते, हे दाखवायला पुण्यापासून एवढ्या जवळचे उदाहरण असताना ते वगळले गेले, याचे वाईट वाटते.

वितळणाऱ्या स्थळांचे शेवटचे सत्र मात्र पुन्हा बाईंनी घेतले आणि ते फार परिणामकारक होते. ग्रीनलंडमधील ‘वाळूखालचे शेत’ नावाने ओळखली जाणारी नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या) लोकांची वाडी हिमनदीच्या पाण्याने आणलेल्या वाळूखाली गाडली जाऊन गोठून राहिली होती. १९९० मध्ये नदीकाठच्या भिंतीतून लाकडे बाहेर डोकावताना शिकाऱ्यांना दिसली, १९९१ ते १९९६ या काळात उत्खनन झाले, आणि ज्या नदीने ती वाडी झाकली आणि उघडी केली त्याच नदीने पुढे ती वाहून नेली. ग्रीनलंडमधल्याच काजा येथील खाद्यकचऱ्याच्या ढिगाचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. तो ढीग वितळला की त्यातले जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवू लागतात, कुजताना उष्णता निघते आणि त्या उष्णतेने शेजारचा भाग वितळतो. ग्रीनलंडच्या अभ्यासावर आधारलेल्या २०१९ मधील एका अंदाजानुसार तिथल्या पुरास्थळांतील ३० ते ७० टक्के सेंद्रिय कार्बन पुढील ८० वर्षांत नाहीसा होऊ शकतो. अलास्कातील नुनालेक येथे २००९ पासून तिथले मूळ रहिवासी असलेले युपिक गावकरी आणि ॲबर्डीन विद्यापीठाचे संशोधक वादळांच्या तडाख्यातून वस्तू वाचवत आहेत. एक लाखाहून अधिक वस्तू निघाल्या आणि २०१८ मध्ये गावातच त्यांच्यासाठी केंद्र उघडले. कोणते स्थळ आधी खोदायचे हे ठरवण्यासाठी जमिनीतील बर्फाचे प्रमाण, गाळाचा प्रकार, उतार आणि किनारा मागे सरकण्याचा वेग यांचा विचार कसा करतात, हे त्यांनी नकाशावर दाखवले. भूशास्त्र इथे निव्वळ स्पष्टीकरण देत नाही, काय वाचवायचे आणि काय जाऊ द्यायचे याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. तो निर्णय घेणाऱ्यांबद्दल माझ्या मनात अतिशय आदर निर्माण झाला.

व्यवस्थेबद्दल थोडेसे. सभागृह स्वच्छ आणि शांत आहे, वाहने लावण्याची मात्र पंचाईत होते. बसने किंवा रिक्षाने येणे बरे. टिपणे छापील मिळतात, मराठी चांगले आहे, संज्ञा देवनागरीत आणि सोप्या व्याख्येसह दिल्या आहेत, फक्त छेदांची चित्रे काळ्या-पांढऱ्या छपाईत निरुपयोगी झाली आहेत. ध्वनिमुद्रण मिळत नाही. भूशास्त्राची पूर्वतयारी नसली तरी चालते, पण दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र विसरलेल्यांनी गोठण्याची प्रक्रिया आधी वाचून यावी. पुरातत्त्वाचे विद्यार्थी, स्थापत्य अभियंते आणि मृदाशास्त्राशी संबंध आलेले लोक यांना सर्वाधिक लाभ होईल. निव्वळ ममी आणि मॅमथ पाहायला येणाऱ्यांची निराशा होण्याची शक्यता आहे. लहान मुलांना आणू नये.

पुढच्या तुकडीत नाव घालणाऱ्यांनी आयोजकांकडे तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडला आहे का, कालनिश्चितीचे सत्र कोण घेणार आहे, आणि रंगीत टिपणे मिळणार आहेत का. पहिल्या दोहोंचे उत्तर समाधानकारक मिळाले, तर शुल्काचा विचार न करता प्रवेश घ्यावा. मिळाले नाही, तर सुरुवातीच्या सत्रांपुरता वेगळा प्रवेश देतात का ते पाहावे, कारण नळकांड्यांचे प्रात्यक्षिक आणि पाचरींची कड आखण्याचा सराव एवढ्यासाठीच पैसे मोजावे लागले तरी ते वाया जाणार नाहीत.